डिझाइनला कोण पैसे देतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वडिलांचं जॉबवर्कचं (दुसऱ्यांचे पार्ट करून देण्याचं) युनिट आहे, तीन व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीन) आणि एक सीएनसी लेथ. तुम्ही मेकॅनिकल केलंत, दीड वर्ष पुण्यात नोकरी केलीत आणि आता परत येऊन स्वतःचा डिझाइन विभाग काढायचा म्हणता. वडील म्हणतात, ‘डिझाइनला कोण पैसे देतं?’ आणि जाता जाता तुम्ही एक मोठा प्रश्नही टाकलाय: इतकी वर्षं सातपूर-अंबडला कारखाने आहेत, तरी ‘हे यंत्र नाशिकचं’ असं बोट दाखवता येईल असं काही का नाही?

वडिलांपासून सुरुवात करतो, कारण ते खोटं बोलत नाहीयेत. आपल्याकडे फॅब्रिकेशन किलोवर विकलं जातं. समजा एक मशीन स्टँड १८० किलोचा आहे. मी डोकं लावून, चॅनेलच्या जागी घडी घातलेला पत्रा वापरून तो १३० किलोत बसवला. मजबुती तीच, कंपन उलट कमी. फॅब्रिकेटरला काय मिळालं? ५० किलोचं बिल बुडालं. तो मला परत बोलावेल का? जॉबवर्कचंही तसंच. मशीनच्या तासाचा रेट ठरलेला, त्यामुळे काम जितकं वेळखाऊ तितकं बिल मोठं. ज्या बाजारात वजन आणि वेळ विकला जातो, तिथं वजन आणि वेळ वाचवणाऱ्या माणसाला कुणी चहासुद्धा पाजत नाही. तुमच्या वडिलांनी हे तीस वर्षं पाहिलंय. त्यांचा राग डिझाइनवर नाही, तोट्यावर आहे.

आता माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कुणाचं ऐकताय ते कळेल. डिप्लोमा करून मी सातपूरच्या एका स्विचगिअर कंपनीच्या टूलरूममध्ये लागलो. तिथं अकरा वर्षं प्रेस टूल आणि फिक्स्चर (मशीनवर पार्ट जागेवर पकडून ठेवणारी जोडणी) केली. नंतर स्वतःचा एसपीएमचा, म्हणजे एकाच कामासाठी खास बनवलेल्या यंत्रांचा धंदा. थोडं कमावलं, बरंच शिकलो, आणि शिकण्याची फी बहुतेक वेळा स्वतःच भरली.

त्यातली सगळ्यात मोठी फी सांगतो.

पिंपळगावकडचे एक फवारणी यंत्रवाले माझ्याकडे आले. त्यांच्याकडे द्राक्षबागेतला एक परदेशी ब्लोअर होता, चार हंगाम चाललेला. त्याच्या पंख्याच्या गिअरबॉक्समधला शाफ्ट काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘साहेब, हुबेहूब असाच पाहिजे. चाळीस नग.’ मी मायक्रोमीटर लावला. बेअरिंग बसते त्या जागी २९.९७ मिलिमीटर. तीन ठिकाणी मोजलं, तिन्हीकडे तेच. ड्रॉइंग केलं, खाली सही केली, शाफ्ट बनले. फिनिश तर मूळ शाफ्टपेक्षा सरस. ऑक्टोबरात यंत्रं बागेत गेली आणि डिसेंबरात परत यायला लागली. उघडून बघतो तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर गरगर फिरतेय, सीट निळी-काळी पडलेली, एका ठिकाणी तर शाफ्टला खाच.

बेअरिंग होती ६२०६, म्हणजे आतला व्यास ३० मिलिमीटर. शाफ्ट फिरतो आणि गिअरचा दाब एकाच दिशेने येतो, तेव्हा आतली रिंग शाफ्टवर घट्टच बसायला हवी. त्यासाठी शाफ्ट ३०पेक्षा किंचित मोठा ठेवतात, साधारण ३०.००२ ते ३०.०१५. टेबलावर आलेला शाफ्ट मुळात तसाच असणार. चार हंगामांत झिजून तो २९.९७वर आला होता. मी झीज मोजली आणि झिजेचंच ड्रॉइंग काढलं. मायक्रोमीटर अगदी खरं बोलला, पण त्याला विचारायचा प्रश्न मला सुचला नाही. चाळीसच्या चाळीस शाफ्ट मी पदरमोड करून बदलून दिले.

नक्कल करण्यात मला काही पाप वाटत नाही. सगळं जग नक्कल करतच शिकलं. पण वस्तू समोर ठेवून तुम्हाला फक्त ‘किती’ मिळतं, ‘का’ मिळत नाही. ‘का’ तिकडच्याच कुणाच्या तरी वहीत राहिलेलं असतं. मी डिझाइन म्हणतो ते या ‘का’ला. स्क्रीनवर फिरणारं रंगीत मॉडेल म्हणजे त्याचा फोटो. माझ्याकडे नोकरीला येणाऱ्या मुलांना मी एकच प्रश्न विचारतो: फिक्स्चरवर दोन लोकेटिंग पिना असतात, एक गोल आणि दुसरी डायमंड, ती दुसरी गोल का नसते? बहुतेक मुलं म्हणतात, ‘सर, तशीच असते.’ सॉफ्टवेअर त्यांना माझ्यापेक्षा दसपट चांगलं येतं. पण पार्टवरच्या दोन भोकांमधलं अंतर प्रत्येक नगात थोडं मागेपुढे होणार, दोन्ही पिना गोल ठेवल्या तर काही नग बसणारच नाहीत, म्हणून दुसरीच्या दोन बाजू घासून तिला तेवढ्याच दिशेने मोकळीक द्यायची, हे चार वर्षांत त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. कसं सांगणार? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत मिळतो. कुठं ते तुम्हालाही माहीत असेल.

त्या ब्लोअरकडे परत येतो, कारण शाफ्ट सुधारल्यावरच खरी गंमत कळली. मूळ यंत्र युरोपातल्या बागांसाठी बनलेलं. तिकडे वेलींची उभी भिंत करतात, वारा आडवा मारला की काम झालं. आपल्याकडे मांडव किंवा वाय पद्धत. पानं डोक्यावर, घड त्याखाली लटकलेले. आडवा मारलेला निम्मा वारा शेजाऱ्याच्या बागेत. शिवाय आपल्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. ऑक्टोबरला परतीचा पाऊस असतो. नुकती फुटलेली कोवळी पालवी, वरून पाऊस, म्हणजे डावणी या बुरशीरोगाला आमंत्रणच. एका बागायतदार भाऊंनी मला बांधावर उभं राहून सांगितलं, ‘पाऊस उघडला की मला थांबता येत नाही. रान वाळायची वाट बघितली तर बाग गेली.’ म्हणजे यंत्र चिखलातच चालणार, तेही काळ्या मातीच्या चिखलात. ६०० लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच ६०० किलो. मागे ते लोढणं, पुढे वीस-बावीस हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर, आणि दोन ओळींत नऊ-दहा फुटांची वाट. चाक रुतलं की सगळा खेळ थांबला.

आता टाकी केवढी ठेवायची? मोठी ठेवली तर रुतते. लहान ठेवली तर पाणी भरायला फेऱ्या वाढतात आणि पावसाच्या उघडिपीतले तास त्यातच जातात. पंखा केवढा? पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्के उतरवला तर ताकद जवळजवळ सत्तावीस टक्के कमी लागते, आणि वाचलेली ताकद चिखलात चाकांना मिळते. पण वारा इतकाही मंद नको की मांडवाच्या वरच्या पानापर्यंत पोचणार नाही. आणि इतका जोराचाही नको की पानं एकमेकांना चिकटून आतला घड कोराच राहील. ही उत्तरं त्या परदेशी यंत्रात नव्हती, कारण ते बनवणाऱ्या माणसाला हे प्रश्नच पडलेले नव्हते. उत्तरं निफाड-दिंडोरीच्या बांधावर होती. आम्ही वाऱ्याची दिशा वर वळवणारे पत्रे बसवले, टाकी ४०० लिटरवर आणली, पंख्याचा वेग उतरवला. पहिले पत्रे साफ चुकले. दुसरेही. तिसरे बरे जमले. आज या पट्ट्यात असे ब्लोअर बनवणारे बरेच जण आहेत आणि त्यांतल्या काहींचं काम मला माझ्यापेक्षा चांगलं वाटतं. त्यांच्यातले बहुतेक कधी कॉलेजात गेले नाहीत, पण बागायतदार संध्याकाळी त्यांच्या शेडवर येऊन शिव्या देतो. ते ऐकून घेणं हे त्यांचं शिक्षण.

इथं एक गोष्ट नेहमी चुकते. डिझाइन म्हटलं की लोकांना विमान दिसतं. मला कांद्याची चाळ दिसते. लासलगाव, निफाड, येवल्याकडे जा, चाळीच चाळी. शिफारस केलेल्या चाळीत कप्प्याची रुंदी चार फूट आणि कांद्याच्या थराची उंची पाच फूट धरलेली असते, खालून आणि बाजूंनी हवा. चारच फूट का? कांदा श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि ओल बाहेर पडते, आणि आडवी आलेली हवा ढिगाच्या मध्यापर्यंत पोचायला हवी. उंची पाच फुटांवर का थांबवली? खालच्या कांद्यावर वरचा भार येऊन तो चेपला की तिथूनच सड सुरू होते. आता एखाद्याने लाकूड-पत्रा वाचवायला सहा फूट रुंदी केली आणि सात फूट थर लावला. बांधकाम पक्कं, पत्रा चकचकीत, आणि जुलै-ऑगस्टात ढिगाच्या मध्यभागी हात घातला तर गरम लागतो. चार फूट हा आकडा म्हणजेच त्या चाळीचं डिझाइन. बाकी सगळी सुतारकी आणि वेल्डिंग. आकडा कागदावर लिहून मिळाला, कारण मिळालं नाही, म्हणून तो बदलताना कुणाचा हात अडखळला नाही.

मागासलेल्या भागात डिझाइन काय करू शकतं याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण महाराष्ट्रातूनच निघालंय, आणि गंमत म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांना ते सांगितलंच जात नाही. गावोगावचा हातपंप. साठच्या दशकाच्या अखेरीस, दुष्काळात, कठीण खडकात बोअर मारणारी यंत्रं आली आणि गावोगाव बोअर झाले. त्यांवर बसवले ते बिडाचे पंप, युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या पंपांच्या नकला. तिकडे एक कुटुंब दिवसातून चार वेळा दांडा हलवायचं. इथं अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत रांगेत. पंप काही आठवड्यांत मोडायचे. बिघाड लोहाराच्या कामात नव्हता, वापराच्या अंदाजात होता. मग जालन्याकडे ख्रिस्ती मिशनच्या बोअरवेल कार्यक्रमात पोलादी दांड्याचा, एकाच खिळीवर फिरणारा पंप झाला. सोलापूरच्या लोकांनी त्यात बंदिस्त बेअरिंग आणि साखळी घातली. दांडा गोलाईत फिरतो, पण आतला रॉड सरळ वर-खाली जायला हवा. साखळीमुळे तो सरळच ओढला जातो, सील खात नाही. याच सोलापूर पंपावरून युनिसेफ, सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास हा कारखाना यांनी मिळून ‘इंडिया मार्क २’ तयार केला. तो बनवायला कुणाच्या परवान्याची गरज नाही, आयएस ९३०१ हे मानक घेऊन कुठलाही कारखाना बनवू शकतो. लाखोंनी बनले, आफ्रिकेत गेले. पुढे मार्क ३मध्ये पाणी वर आणणारा पाइपच रुंद केला, म्हणजे वॉशर बदलायला सगळे पाइप उपसावे लागत नाहीत, पिस्टन आतूनच वर काढता येतो. आधी गाडी आणि टोळकं लागायचं, ते काम गावातल्या दोन माणसांवर आलं. पाइपाचा व्यास वाढवला, एवढंच.

आता तुमचा मोठा प्रश्न, नाशिकचा. इथं मी फार वेळ घेत नाही, कारण यावर भाषणं पुष्कळ होतात.

नाशिकजवळच्या ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना १९६४चा. परवान्याखाली मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई-३०. ड्रॉइंग दुसऱ्याचं, हात आपले. या व्यवस्थेने नाशिकला अचूकता शिकवली, हे मान्यच करायला हवं. इथल्या जुन्या फिटरचा हात बघा, कळेल. पण परवान्यात ‘किती’ विकलं जातं, ‘का’ नाही. तरीही तिथल्या लोकांनी वाट काढली. सुखोईच्या पोटाखाली ब्रह्मोस बसवायचं काम ओझरला झालं आणि ते विमान २०१६च्या जूनमध्ये उडालं. बेंगळुरूत आपल्याच लोकांनी आखलेलं तेजस मार्क-१ए ऑक्टोबर २०२५मध्ये ओझरच्या धावपट्टीवरून उडालं. १९६४ ते २०२५, हिशेब तुम्हीच करा.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं. महिंद्राची स्कॉर्पिओ, २००२. बाहेरचं डिझाइन विकत न घेता आपल्या लोकांनी आखलेली गाडी, खर्च सुमारे ६०० कोटी, आणि तेव्हा कंपनीचं संशोधन-विकासाचं काम नाशकातच होतं. त्या काळात सातपूरच्या चहाच्या टपऱ्यांवर वेगळीच चर्चा चालायची: सस्पेन्शन, दाराचा आवाज, धूळ आत कुठून येते. पुढे चेन्नईजवळ महिंद्रा रिसर्च व्हॅली उभी राहिली, २०१२मध्ये, आणि डिझाइनचं मुख्य केंद्र तिकडे गेलं. कंपनीच्या बाजूने त्यात काही चूक नाही. पण गाडी इथं बनत राहिली आणि ‘का’ विचारणारी माणसं इथून गेली. शहराने कारखाना जातो की काय म्हणून आरडाओरडा केला असता. डिझाइन गेलं तेव्हा कुणाला कळलंही नाही, कारण ना शेड पाडली गेली, ना गेटवर कुलूप लागलं.

सरकारी योजनाही बहुतेक शेड आणि मशीनलाच ओळखतात. प्लँट अँड मशिनरीवर अनुदान आहे. तीन प्रोटोटाइप मोडून चौथा जमवण्याचा खर्च कुठल्या रकान्यात टाकायचा? शेती अवजारांना अनुदानाच्या यादीत बसायला चाचणी अहवाल लागतो. ते योग्यच आहे, पण एकदा मॉडेल यादीत बसलं की त्यात सुधारणा करायला कुणी धजत नाही, बदल केला तर पुन्हा चाचणी. मग पहिलीच चूक दहा वर्षं अनुदानासकट विकली जाते.

सहज आठवलं म्हणून सांगतो. भौगोलिक मानांकनांत आपल्या जिल्ह्याचं काय काय आहे? नाशिकची द्राक्षं, नाशिक व्हॅलीची वाइन, लासलगावचा कांदा, येवल्याची पैठणी. कोईमतूरकडे बघा, तिथल्या वेट ग्राइंडरला मानांकन आहे. इडलीचं पीठ रोज कोण वाटत बसणार, या स्वयंपाकघरातल्या प्रश्नातून एक अख्खा उद्योग निघाला. आपल्याकडे प्रश्न कमी आहेत का? कांदा काटणी, बेदाण्याचं देठ काढणं, डाळिंबाची बाग. गिऱ्हाईक तीस किलोमीटरवर, मशीन दारात, फिटर दारात. मधला विचारणारा माणूस तेवढा नाही.

तर तुम्ही काय करायचं?

पहिल्या महिन्यात महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स घेऊ नका, बोर्डही लावू नका. डिझाइनला पहिले पैसे देणारे तुमचे वडीलच आहेत, फक्त त्यांना ते माहीत नाही. तुमच्या शॉपमधला सगळ्यात जास्त चालणारा पार्ट घ्या आणि एक दिवस स्टॉपवॉच घेऊन ऑपरेटरच्या मागे उभे राहा. कटिंगचं नंतर बघू, आधी लोडिंग मोजा. चार बोल्ट पान्याने आवळायला चार मिनिटं जात असतील, तर दांडा फिरवला की आवळणाऱ्या कॅम क्लॅम्पचं साधं फिक्स्चर करा आणि ते दीड मिनिटावर आणा. दोन शिफ्टमध्ये शंभर नग निघत असतील तर दिवसाला अडीचशे मिनिटं वाचली, चार तासांहून जास्त. नगाचा भाव ठरलेला असेल तर हा वाचलेला वेळ तुमचाच, त्यात दुसरं काम बसतं. तासाचा रेट वडिलांना तोंडपाठ आहे, गुणाकार त्यांनाच करू द्या.

नंतर गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर प्रश्न विचारायला लागा. मी एकदा एका कव्हरवर ०.०२ मिलिमीटरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) बघून विचारलं की ही बाजू कशाला टेकते. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: कशालाच नाही, जुन्या ड्रॉइंगवरून तसाच उतरलाय. त्यांनी तो ०.१ केला, माझं ग्राइंडिंगचं सेटिंग वाचलं. मी खूश. पुढच्या वर्षी परचेसवाल्यांनी हसत हसत रेट कमी करून मागितला, कारण ‘आता ग्राइंडिंग नाही ना?’ तेव्हा सूचना देण्याआधी बचतीतला वाटा लेखी ठरवून घ्या. ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर लावली तरी चालेल.

एक वही ठेवा. प्रत्येक मापापुढे कारण लिहा, एकच ओळ. कारण सुचलं नाही तर जागा कोरी सोडा. कोऱ्या जागा म्हणजे तुमचा अभ्यासक्रम. आणि मोडलेले पार्ट भंगारात देऊ नका, तारीख-चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. माझ्या कपाटात त्या चाळीसमधला एक शाफ्ट अजून आहे.

शेतीच्या यंत्रांत उतरायचं असेल तर उतरा, पण धंदा म्हणून दोन वर्षं त्याच्यावर विसंबू नका. फिक्स्चरवर घर चालवा आणि यंत्र सुट्टीच्या दिवशी करा. ऑक्टोबरात गोडी छाटणी उरकल्यावर एखादा पाऊस पडला की पहाटे निफाडकडे निघा, एखाद्या बागायतदाराला विचारून त्याच्या ट्रॅक्टरमागे दोन तास चाला. बूट जुने घाला.